विद्याधर भट्टाचार्य : जयपूर नगरीचे रचनाकार

विमानतळांची नावे बहुधा ठरावीक टप्प्यांनी बदलत जातात. ज्या गावाच्या जमिनीवर धावपट्टी उभी राहते, त्या गावाच्या नावाने विमानतळ प्रथम ओळखला जातो. पुढे शहराचे नाव रूढ होते आणि कालांतराने, राज्याचा ठराव व केंद्राची मंजुरी मिळून, एखाद्या थोर व्यक्तीचे नाव दिले जाते. मुंबईच्या सहार विमानतळाला 1999 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे, तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला 2005 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. जयपूरचा सांगानेर विमानतळ मात्र शहराच्या नावावर थांबला. तरीही तेथे एका व्यक्तीचे स्मरण आहेच. कारण जयपूर हे नाव मुळात सवाई जयसिंह यांचे. या नगरीची आखणी करणारे विद्याधर भट्टाचार्य त्या नावात नाहीत.

विद्याधर हे बंगाली कुटुंबातील होते. आमेरच्या दरबारात ते महसुलाच्या हिशेबाचे काम पाहत. गणित, ज्योतिष आणि शिल्पशास्त्र यांचा त्यांचा व्यासंग होता. विद्वानांची पारख असलेल्या जयसिंह यांच्या दृष्टीस हे गुण आले. युक्लिडच्या भूमितीचा संस्कृत अनुवाद करणारे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट हेही याच दरबारातील होते.

डोंगरांच्या कुशीतील आमेर राजधानीला अपुरे पडू लागले होते. वाढत्या लोकवस्तीला जागा आणि पाणी हवे होते. 18 नोव्हेंबर 1727 रोजी दक्षिणेकडील मैदानात नव्या नगरीची पायाभरणी झाली. एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद राजमार्ग, त्यांमुळे तयार झालेले चौरस विभाग, चौकांत चौपडी आणि दुतर्फा एकसारख्या दर्शनी भागांची दुकाने, अशी ही रचना होती. नऊ चौरसांच्या कल्पनेला वायव्येकडील डोंगराचा अडथळा होता. त्यामुळे एक चौरस पूर्वेच्या बाजूस जोडण्यात आला. शास्त्राला भूमीच्या उतारांशी जुळवून घेण्याचे हे उदाहरण आजही नकाशावर स्पष्ट दिसते. शहराचा प्रसिद्ध गुलाबी रंग मात्र विद्याधर यांच्या काळातील नव्हे. तो एकोणिसाव्या शतकात देण्यात आला.

1729 मध्ये विद्याधर यांना देश दिवाण हे उच्च पद मिळाले. नगररचनेचे श्रेय राजाचे किती आणि विद्याधर यांचे किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि, काम प्रत्यक्षात उतरवण्यातील त्यांचा प्रमुख वाटा सर्वमान्य आहे. 1743 मध्ये जयसिंह यांचे निधन झाले आणि शहर त्यांच्याच नावाने नांदत राहिले.

विद्याधर यांचे नाव शहराला परत मिळाले ते सुमारे अडीच शतकांनंतर. 1980 च्या दशकात जयपूरच्या उत्तरेकडे उभारलेल्या नव्या उपनगराला विद्याधर नगर असे नाव देण्यात आले. त्याचा आराखडा पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी तयार केला. जुन्या जयपूरची चौरस रचना आणि चंदीगडची आधुनिक आखणी या दोन्हींचा विचार त्यांनी त्यात केला होता. 2018 मध्ये दोशी यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तर 2019 मध्ये तटबंदीच्या आतील जयपूर शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

नाव देण्याचा अधिकार बहुधा सत्तेकडे असतो आणि सत्ता बदलली की नावेही बदलू शकतात. रस्त्यांची आखणी इतक्या सहजी बदलत नाही. सांगानेरला उतरून जुन्या शहरात येणारा प्रवासी जयसिंह यांच्या नावाच्या विमानतळावरून निघतो आणि विद्याधर यांनी आखलेल्या रस्त्यांवर पोहोचतो.