रामजोशींची उसनवारी

लहानपणी आम्ही इंदापुरात राहत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक गाणे लिहिले आणि आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल त्याला लावली. गुरुजींनी ते ऐकले, चाल उसनी आहे असे वर्गासमोर सांगितले आणि गाणे कार्यक्रमातून काढून टाकले. पुन्हा काही मी गाणे लिहिले नाही. सोलापूरहून बारामतीला जाताना इंदापूर लागले की हा प्रसंग आठवतो आणि त्यापाठोपाठ शाहीर रामजोशी आठवतो.

रामजोशी सोलापूरचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वेदशास्त्राची परंपरा असलेल्या घरात जन्मला. थोरले बंधू मुद्गल जोशी विद्वान म्हणून मान्यता पावलेले. धाकट्याचा जीव मात्र धोंडी शाहिराच्या फडात. तिथली ढोलकी, डफ आणि लावणीच्या चाली कानात घेऊनच तो घरी येई. पुढे तो धोंडीला लावण्या रचून देऊ लागला. म्हणजे चाल फडाची, शब्द जोशीबुवांचे! घरात हे खपणे शक्यच नव्हते. भावाने त्याला घराबाहेर काढले.

पोरगा गेला तो पंढरपूरला. तिथे संस्कृतचे अध्ययन करून परत आला. आता सुधारला असे घरच्यांना वाटले असेल, पण गंमत अशी की, शिकलेले सगळे त्याने लावणीतच ओतले. एक ओळ संस्कृत, एक मराठी अशी रचना त्याने केली. मराठी, कानडी, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषा एकाच लावणीत नांदवल्या. सोलापूरच्या पेठेत यातल्या तीन भाषा रोज कानावर पडत होत्या, चौथी देवघरात होती. फडाकडून चाल घेतली, पेठेकडून बोली आणि ज्या घराने बाहेर काढले त्या घराकडून संस्कृत. त्याच्या लावणीतला यमक-अनुप्रासांचा झणत्कार ऐकला की मला वाटते, ही उसनवारी करायलाही केवढी ऐपत लागते!

बारामतीत त्या वेळी मोरोपंत होते. पन्हाळगडावर 1729 साली जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे आले, त्यांच्या वाड्यात पुराण सांगू लागले आणि 1794 साली निवर्तले ते बारामतीतच. रामजोशीची लावणी ऐकून पंतांनी त्याला कीर्तनाकडे वळवले, आणि त्याने डफ फोडून टाकला, असे सांगतात. डफ फोडला असेल, नसेल. त्या डफावर तयार झालेला कान काही फुटला नाही. पंतांची आर्या संस्कृत शब्दांनी ठासून भरलेली, वाचणाऱ्याचा दम काढणारी. ती रामजोशीने कीर्तनात घेतली, गाऊन दाखवली, उलगडून सांगितली. आर्या पंडितांच्या बैठकीतून देवळाच्या ओट्यावर आली ती बरीचशी या शाहिराच्या गळ्यातून. मोरोपंतांना याचे वाईट वाटल्याचे कुठे ऐकिवात नाही.

पुढे त्याच्याकडूनही लोकांनी घेतलेच. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट आला. गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, नायक जयराम शिलेदार. ते सूर घरोघर पोहोचले आणि यातली शाहिराची लावणी कुठली आणि गदिमांची कुठली, हे ऐकणाऱ्यांना वेगळे सांगता येईना.

आमची आजी अक्षरशत्रू. तरी दिवेलागणीला परवचा आटोपली की मोरोपंतांच्या दोन-तीन आर्या ती म्हणायची. कुठल्याशा कीर्तनात ऐकलेल्या. कुणाच्या, हे तिला ठाऊक नव्हते. मध्येच शब्द अडला तर आपल्या पदरचा घालून पुढे जायची. आणि चाल? ती, मला आता वाटते, जात्यावरचीच असायची.