जमनालाल बजाज : तुरुंगातून घरी पत्र लिहिणारा सैनिक



लढाईवर गेलेल्या सैनिकाचं पत्र घरी आलं की त्या घरात काय होत असेल, याचा तुम्ही कधी विचार केलाय का? आज फोन आहे. पूर्वी मात्र सगळं घर पोस्टमनच्या हाकेकडे कान लावून बसायचं. सैनिकाची लढाई सगळ्यांना दिसते. पण मागे राहिलेली त्याची पत्नी मुलं सांभाळत, काळजी गिळत एक लढाई लढतच असते. ती फारशी कुणाला दिसत नाही. या दोन लढायांना जोडणारा धागा म्हणजे पत्र.

आपल्या वर्ध्यातही असा एक सैनिक होऊन गेला. त्याच्या हातात बंदूक नव्हती आणि त्याची छावणी म्हणजे तुरुंग होता. तो स्वातंत्र्यलढ्याचा सैनिक म्हणजे जमनालाल बजाज. बजाज हे नाव तुम्हाला स्कूटरमुळे माहीत असेल. आज त्या नावामागचा माणूस बघूया.

बालपण

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची परिस्थिती साधीच. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी सेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं आणि हा लहानगा वर्ध्याचा झाला. शाळेचं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालं. १९०२ मध्ये जानकीदेवींशी लग्न झालं. तेव्हा जानकीदेवींचं वय होतं अवघं ९ वर्षांचं!

जमनालालजींच्या आयुष्यातलं पहिलं मोठं पत्र मात्र पत्नीला लिहिलेलं नाही. ते आहे आजोबांना. साधारण सतराव्या वर्षी दागिने घालण्यावरून घरात वाद झाला. आजोबांनी संपत्तीवरून टोचून बोललं, तसे ते अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, असं त्यांनी लिहून दिलं. त्या पत्रात राग नव्हता, आदर होता. पुढे आजोबांनी समजूत काढून त्यांना परत आणलं. पण पैसा आपला नाही, तो लोकांसाठी सांभाळायचा आहे, ही भावना मनात कायमची रुजली.

एका पत्राने सोनं उतरलं

गांधीजी आफ्रिकेतून परतल्यावर जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक वेगळीच मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा माना! सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवीही त्यांनी परत केली.

त्याआधीची एक गोष्ट ऐका. सोन्याचा मोह सोडावा, हा गांधीजींच्या भाषणातला विचार जमनालालजींना पटला. त्यांनी तो पत्रातून जानकीदेवींना कळवला. तेव्हा त्या होत्या २४ वर्षांच्या. त्या काळी मारवाडी घरातल्या सुनेला सोनं सोडणं म्हणजे काय वाटलं असेल? नातेवाईक काय म्हणतील? तरी त्यांनी दागिने उतरवले, ते पुन्हा आयुष्यात कधीच घातले नाहीत. पुढे पडदा गेला, रेशीम गेलं, अंगावर खादी आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दूर बसून पत्रातून त्याग करायला सांगणं सोपं असतं. पण जमनालालजी जे लिहीत, ते आधी स्वतः करत. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

तुरुंग आणि घर

१९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. जूनमध्ये जमनालालजींना अटक झाली. १८ महिन्यांची शिक्षा आणि ३,००० रुपये दंड! घरी चार मुलं होती. धाकटा रामकृष्ण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जन्माला आला. म्हणजे नवरा तुरुंगात गेला तेव्हा जानकीदेवी गरोदर होत्या. लढाईची किंमत फक्त तुरुंगात मोजली जात नाही, ती अशी घरातही मोजली जाते. सुदैवाने समझोता झाल्यामुळे काही महिन्यांतच सुटका झाली.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीतून अटक झाली आणि ते नाशिकच्या तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथेच विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणाऱ्यांत जमनालालजीही होते. १९३९ मध्ये जयपूर संस्थानाने त्यांना अटकेत ठेवलं.

तुरुंगातून हवं तेव्हा पत्र लिहिता येत नसे. पत्रं मोजकीच, तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारी. तरी या नवरा-बायकोचा पत्रव्यवहार चालू राहिला. मुलांचं शिक्षण, तब्येत, घरची आणि देशाची कामं, असे साधेच विषय. पण त्यातून जानकीदेवी नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. त्या सभांत बोलू लागल्या आणि १९३२ मध्ये स्वतःही तुरुंगात गेल्या!

शेवटचा तुरुंगवास

दुसरं महायुद्ध पेटलं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी आपल्या जिल्ह्यातल्या पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. जमनालालजीही त्यात उतरले आणि नागपूरच्या तुरुंगात गेले. तिथे तब्येत ढासळली. सुटून आल्यावर त्यांनी गोसेवेचं काम हाती घेतलं. पण ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचं अचानक निधन झालं. वय अवघं ५२.

आता पत्र येणार नव्हतं. पण जानकीदेवी थांबल्या नाहीत. पतीचं गोसेवेचं अर्धवट राहिलेलं काम त्यांनी उचललं. विनोबांच्या भूदानात त्या फिरल्या, गावोगावी विहिरींसाठी दान मागितलं. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी कुठवर पोहोचली बघा!

आपण काय शिकलो?

सैनिक एकटा लढत नाही, त्याचं घरही लढतं. म्हणून जमनालालजींचं चरित्र वाचताना जानकीदेवींचं पान गाळू नका.

उपक्रम : घरी आजी-आजोबांकडे एखादं जुनं पत्र आहे का, विचारा. परवानगी घेऊन वाचा. ते कुणी, कुठून आणि कोणत्या काळजीने लिहिलं होतं, हे वहीत दहा ओळींत लिहा. आणि हो, पत्र जागच्या जागी जपून ठेवा!