होलोग्रामवाले डेनिस गॅबॉर आणि विमानाचा पत्रा

डेबिट कार्डावरचा चमकणारा होलोग्राम तुम्ही पाहिलाच असेल. त्याच तंत्राने विमानाचा पत्रा न कापता, न खोलता तपासता येतो. ही कल्पना सुचली डेनिस गॅबॉर यांना, आणि ते होते इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

जन्म १९०० सालचा, बुडापेस्टचा. शिक्षण बर्लिनला, नोकरीही तिथेच. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू घराण्यातल्या गॅबॉर यांना जर्मनीतून बाहेर पडावं लागलं. पुढे इंग्लंडमधल्या रग्बी गावात एका वीज-उपकरणांच्या कंपनीत काम मिळालं.

१९४७ मध्ये ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं धूसर चित्र सुधारायच्या मागे होते. आपल्या फोनचा कॅमेरा प्रकाश किती आला एवढंच टिपतो. प्रकाशाची लाट त्या क्षणी वर होती की खाली, ही माहिती वाया जाते. गॅबॉर यांनी वस्तूवरून आलेल्या लाटेत दुसरी साधी लाट मिसळायचं ठरवलं. त्यातून उमटणाऱ्या बारीक रेषांत ती माहितीही साठते. हाच होलोग्राम.

अडचण एकच होती. त्यासाठी एका तालात चालणाऱ्या लाटा लागतात आणि तसा प्रकाशच तेव्हा नव्हता. पाऱ्याच्या दिव्यावर जेमतेम छोटी चित्रं जमली. कल्पना मागे पडली. १९६० मध्ये लेसर आला आणि चक्रं फिरली. १९६५ पर्यंत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी होलोग्रामने सूक्ष्म हालचाल मोजून दाखवली.

विमानासाठी हे कसं वापरतात? पत्र्याचा होलोग्राम घ्यायचा, पत्रा किंचित गरम करायचा आणि त्याच प्लेटवर पुन्हा होलोग्राम घ्यायचा. आतल्या थराचा गोंद सुटला असेल, तर तेवढाच भाग जरा जास्त फुगतो आणि तिथे गोल रेषा दिसतात. लाल लेसरने बघितलं तर एका रेषेमागे फुगवटा साधारण ०.३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. नुसत्या डोळ्यांना हे दिसणं शक्यच नाही. आता याच घराण्यातली शिअरोग्राफी वापरतात. ती हॅंगरमधली थरथर बऱ्यापैकी सहन करते.

गॅबॉर यांना नोबेल मिळालं १९७१ मध्ये. १९७९ मध्ये लंडनला ते गेले. मी कोड लिहिणारा माणूस. आमच्याकडे एखादी गोष्ट आज चालली नाही की लगेच डिलीट होते. गॅबॉर यांनी मात्र आपलं काम १९४८ मध्येच नीट लिहून छापलं होतं, म्हणून लेसर आल्यावर ते कुणाला तरी उचलता आलं.