पंडिता रमाबाई: शंकेतून श्रद्धेकडे

मैंदर्गीहून पुण्याला जाताना रेल्वेमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) दुष्काळातील निराधार मुलींना आसरा दिला.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला, तरी शंका संपल्या नाहीत. पवित्र त्रैक्याविषयी त्यांनी मठातील सिस्टरांना निर्भीडपणे प्रश्न विचारले. मनाला पटल्याशिवाय होकार दिला नाही. पण शंका मनात असतानाच १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९१ च्या सुमारास त्यांचे मन ख्रिस्ताठायी विसावले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणूनच त्यांनी डोळे मिटले.

प्रिय भाविकहो, प्रार्थनेला बसल्यावर आपल्याही मनात शंका येते. तिला घाबरू नये. आपण ती देवापुढे मांडू या आणि हातचे सेवाकार्य चालू ठेवू या.