मुलांना बोलते करणारा गुरू: प्रा. मेल्व्हिन टोल्सन

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोची हकीकत आहे. तो मोठा वक्ता होता, शास्त्रात निपुण होता. पण इफिसच्या सभास्थानात त्याचे भाषण ऐकताना अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याला त्याच्या ज्ञानातली उणीव दिसली. त्यांनी त्याला चारचौघांत खोडून काढले नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढे अपुल्लोने अखया प्रांतात मोठे काम केले ते आपण आवडीने वाचतो. राहुट्या करून पोट भरणारे ते दोघे मात्र सहज विसरले जातात.

आपल्या मंडळ्यांतही नाताळात, शब्बाथ शाळेच्या समारंभात आणि तरुण संघाच्या मेळाव्यांत मुले भाषणे करतात, वादविवादात भाग घेतात. त्यांना तयार करतात ते शिक्षक आणि आईबाप. हे काम कसे करावे आणि त्याचे फळ कोठे शोधावे, हे ज्यांच्या चरित्रातून शिकता येते अशा एका गुरूची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटते. अमेरिकेतील वायली कॉलेजचे प्रा. मेल्व्हिन टोल्सन हे ते गुरू.

टोल्सन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८९८ रोजी मिसूरी राज्यातील मोबर्ली गावी झाला. वडील रेव्ह. ॲलोन्झो टोल्सन हे मेथॉडिस्ट पाळक. त्यांची आई गुलामगिरीत होती आणि बाप तिचा गोरा मालक. शालेय शिक्षण बेताचेच झाले होते, पण या पाळकाने शिकणे कधी सोडले नाही. मंडळीची कामे सांभाळून ते पत्रद्वारा लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकत राहिले. बदली होईल तसे कुटुंब मिसूरी व आयोवा राज्यांत गावोगाव फिरले. पोक्त वयाचा बाप दिव्याखाली धडे गिरवीत बसला आहे, हे ज्या मुलाने रोज पाहिले त्याला अभ्यासाचा निराळा उपदेश करावा लागत नाही. मेल्व्हिन चौदा वर्षांचा असताना, १९१२ साली, टायटॅनिक जहाज बुडाले. त्यावर त्याने केलेली कविता गावच्या वर्तमानपत्राने छापली.

कॅन्सस सिटीत शालेय शिक्षण संपवून ते प्रथम फिस्क विद्यापीठात आणि मग पैशाच्या अडचणीमुळे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात गेले. तेथून ते सन्मानाने पदवीधर झाले. १९२२ साली रूथ साउथॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे या दांपत्याला तीन मुलगे व एक मुलगी झाली. शिक्षण आटोपताच टोल्सन टेक्सास राज्यातील मार्शल या गावी वायली कॉलेजात इंग्रजी व वक्तृत्व शिकवू लागले.

वायली कॉलेजची स्थापना १८७३ साली मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीच्या संस्थेने केली होती. गुलामगिरी संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती, आणि मुक्त झालेल्या लोकांच्या मुलांना शिकवणे हा कॉलेजचा हेतू होता. याच मंडळीच्या मिशनने आपल्याकडे बडोदे व हैदराबाद येथेही शाळा चालवल्या, तेव्हा हे घराणे आपल्या वाचकांना परके नाही. कॉलेज लहान आणि गरीब. दक्षिणेतील कायद्याने कृष्णवर्णीयांना रेल्वेचा डबा, शाळा, खाणावळ, पाणी पिण्याची जागा, सारे वेगळे ठरवून दिलेले. जमावाने एखाद्याला पकडून फासावर लटकवल्याच्या बातम्या तेव्हा अधूनमधून येतच असत. अशा ठिकाणी कृष्णवर्णीय तरुणाने गोऱ्या माणसासमोर मान वर करून बोलणे हेच धाडस होते, आणि टोल्सन यांनी नेमके तेच शिकवायला घेतले. १९२४ साली त्यांनी कॉलेजात वादविवाद मंडळ सुरू केले.

त्यांची शिकवण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. निवडलेली मुले संध्याकाळी त्यांच्या घरी जमत. विषय ठरला की त्यावरची पुस्तके, मासिके, अहवाल यांचा ढीग वाचावा लागे. आरंभीच्या काळात भाषणे स्वतः टोल्सन लिहीत आणि मुले ती पाठ करीत. कोठे थांबायचे, हात केव्हा उचलायचा, आवाज कोठे खाली आणायचा, हेही ते घटवून घेत. येथवर त्यांची रीत आपल्या शाळांतल्या रीतीसारखीच दिसते.

फरक पुढे आहे. भाषण पाठ झाले म्हणजे तयारी संपली असे ते मानीत नसत. विरुद्ध पक्ष काय काय म्हणू शकेल याचा ते आधीच विचार करून ठेवीत आणि मग स्वतःच विरोधक होऊन मुलांवर प्रश्नांचा मारा करीत. कच्चा मुद्दा दिसला की त्याच्या चिंध्या करीत. मुलगा अडखळला तर त्याला सोडत नसत. पुन्हा वाच, पुन्हा ये, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या हाताखालच्या मुलांना ते कठोर वाटत, आणि ते कठोर होतेच. पण ज्याने घरच्या मारातून वाट काढली तो बाहेरच्या सभेत गडबडत नसे, कारण तेथे येणारा प्रत्येक प्रश्न त्याने आधी आपल्या गुरूच्या तोंडून ऐकलेला असे.

नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात असे सुचवले आहे की पहिल्या वादीची बाजू खरी वाटते ती दुसरा येऊन तपासणी करीपर्यंतच. टोल्सन यांच्या शिकवणीचे सार याहून वेगळे नव्हते. आपली बाजू खरी असली तरी दुसऱ्याची बाजू ऐकून, समजून, तिला उत्तर देता आले पाहिजे. नाहीतर ते नुसते पाठांतर.

मंडळात मुलींनाही जागा होती. १९३० साली हेन्रिएटा बेल ही ह्यूस्टनची विद्यार्थिनी संघातली पहिली मुलगी ठरली. ती शिकत असतानाच पोटासाठी कामेही करी आणि उरलेल्या वेळात सराव करी. त्याच वर्षी शिकागो येथे वायलीच्या संघाने मिशिगन विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांशी वाद केला. गोऱ्या व कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी एका व्यासपीठावर यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढील वर्षांत वायलीच्या मुलांनी अशा अनेक सभा गाजवल्या. दहा वर्षांत सुमारे ७५ सामन्यांपैकी त्यांनी एकच गमावला असे सांगतात. मोटारीने लांबचे प्रवास करावे लागत, आणि वाटेत गोऱ्यांच्या हॉटेलांचे दार बंद. मग मुक्काम पडे तो कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आश्रयाने.

१९३५ च्या वसंतात हा संघ कॅलिफोर्नियापर्यंत गेला. लॉस एंजल्स येथे त्यांची गाठ सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी पडली. हा संघ त्या वेळी देशात अजिंक्य समजला जाई. हजाराहून अधिक श्रोत्यांसमोर वायलीच्या मुलांनी त्याला हरवले. (२००७ साली निघालेल्या ‘द ग्रेट डिबेटर्स’ या चित्रपटात प्रतिस्पर्धी म्हणून हार्वर्ड विद्यापीठ दाखवले आहे, तो कथेसाठी केलेला बदल होय.)

आता विजेतेपदाचे काय झाले? वादविवादाच्या ज्या राष्ट्रीय संघटनेकडे ते होते, तिच्यात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना तेव्हा सभासद करून घेत नसत. तेव्हा सामना जिंकूनही ढाल वायलीकडे आली नाही. ज्या मुलांनी महिनोन् महिने रात्री जागवल्या त्यांना न्याय मिळाला नाही, ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही. पण टोल्सन यांचे काम ढालीपुरते असते तर ते तेथेच संपले असते. ते संपले नाही, हे त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या आयुष्यावरून दिसते.

जेम्स फार्मर हे त्याचे नाव. जन्म १९२० चा, मार्शल गावचाच. वडील रेव्ह. डॉ. जेम्स फार्मर हे मेथॉडिस्ट पाळक व वायलीत प्राध्यापक; डॉक्टरेट मिळवणारे टेक्सासमधील ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ समजले जातात. घरात पुस्तकांची व भाषांची श्रीमंती होती. तरीही एवढ्या विद्वान माणसाला गोऱ्यांच्या गावात मान खाली घालून वागावे लागे, आणि मुलाला ते दिसे. चौदाव्या वर्षी जेम्स कॉलेजात दाखल झाला व टोल्सन यांच्या मंडळात आला. बापाने त्याला विद्या दिली. ती निर्भयपणे कशी मांडावी हे गुरूने शिकवले. घर आणि शिक्षक यांनी असे एकमेकांचे काम पुरे करावे.

पुढे फार्मर हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र शिकले. तेथे डॉ. हॉवर्ड थर्मन हे त्यांचे शिक्षक होते. थर्मन १९३६ साली बारडोलीला गांधीजींना भेटून आले होते, आणि त्यांच्यामुळे सत्याग्रहाचा मार्ग फार्मर यांच्या अभ्यासात आला. १९४१ साली शिक्षण संपले तेव्हा बापाप्रमाणे पाळक होण्याची वाट मोकळी होती. पण १९३९ च्या एकीकरणानंतर मेथॉडिस्ट मंडळीने आपल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांचा निराळा विभाग करून ठेवला होता. ज्या मंडळीत प्रभूच्या नावाने असा भेद चालतो तिची दीक्षा आपण घेणार नाही, असे फार्मर यांनी ठरवले. जातीवरून बाके आणि प्याले वेगळे ठेवल्याची आठवण आपल्याही मंडळ्यांच्या इतिहासात आहे. म्हणून हा निर्णय आपण नुसता दुरून पाहू नये.

१९४२ साली शिकागो येथे फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णभेदाविरुद्ध अहिंसेने लढणारी ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ ही संस्था काढली. १९६१ च्या मे महिन्यात फार्मर यांच्या पुढारपणाखाली गोरे व कृष्णवर्णीय मिळून तेरा जण बसमधून दक्षिणेकडे निघाले. बसथांब्यांवरचा भेद बेकायदा ठरला असूनही चालूच होता. तो उघडा पाडणे हा हेतू. निघताना फार्मर यांनी आजारी वडिलांना प्रवासाचा बेत सांगितला होता. वाटेत वडील वारल्याची बातमी आली आणि त्यांना अंत्यविधीसाठी परतावे लागले. त्याच सुमारास अलाबामात ॲनिस्टन गावाबाहेर एक बस जाळण्यात आली. अंत्यविधी उरकून फार्मर पुन्हा सहकाऱ्यांना जाऊन मिळाले आणि मिसिसिपीत त्यांनी सुमारे चाळीस दिवस तुरुंगवास भोगला. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून बसथांब्यांवरचा भेद मोडणारा केंद्रीय हुकूम अमलात आला. वादसभेचे शिक्षणही वाया गेले नाही: १९६२ साली कॉर्नेल विद्यापीठात माल्कम एक्स यांच्यासारख्या पट्टीच्या वक्त्यासमोर अहिंसेची व एकत्र राहण्याची बाजू मांडण्यास फार्मरच उभे होते.

टोल्सन यांच्या हाताखालून गेलेले दुसरे विद्यार्थी हेमन स्वेट. टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारल्यावरून त्यांनी दावा लावला आणि १९५० साली तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला.

टोल्सन यांनी स्वतःही लेखणी खाली ठेवली नाही. १९३७ ते १९४४ या काळात ते एका वृत्तपत्रात सदर लिहीत. १९४७ साली ते ओक्लाहोमातील लँग्स्टन विद्यापीठात गेले. त्याच वर्षी लायबेरिया देशाने त्यांना राजकवीचा मान दिला. १९५४ पासून काही वर्षे ते लँग्स्टन गावाचे महापौर होते. ‘हार्लेम गॅलरी’ हा त्यांचा शेवटचा मोठा काव्यग्रंथ १९६५ मध्ये निघाला, आणि २९ ऑगस्ट १९६६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

हे चरित्र वाचून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी व पालकांनी एका गोष्टीचा विचार करावा. आपण मुलाला भाषण लिहून देतो, ते पाठ करून घेतो, बक्षीस मिळाले की पेढे वाटतो. भाषण लिहून देण्यात पाप नाही, टोल्सनही देत. पण त्यानंतर त्या मुलाला आपण कधी विरुद्ध बाजूचा प्रश्न विचारतो काय? तू हे का मानतोस, शेजारच्या मुलाला हे पटले नाही तर त्याला काय सांगशील, असे विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहतो काय? विचारले तर कदाचित तो अडखळेल. कदाचित तो उलट आपल्यालाच असा प्रश्न करील की ज्याचे उत्तर आपल्यालाही शोधावे लागेल. त्याला गप्प बसवू नये. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे असे सांगितले आहे. ही सिद्धता प्रश्न ऐकल्यावाचून येत नाही.

पुढच्या स्पर्धेच्या वेळी एवढे करून पाहावे: भाषण पाठ झाल्यावर एक संध्याकाळ राखून ठेवावी, मुलाला घरी बोलवावे, आणि स्वतः विरोधकाच्या खुर्चीत बसावे. ढाल मिळो न मिळो. आपण जवळ नसू त्या दिवशी तो मुलगा सत्याच्या बाजूने उभा राहून बोलू शकला, तर त्या संध्याकाळचे चीज झाले.