आमची पहिली बोटसहल आणि कॉटनसाहेब

आमच्या घरातले सगळेजण एकत्र असे आजवर कुठंच गेलेले नाहीत. कारण एकच, धारा! चार गाई, दोन वेळच्या धारा आणि पहाटे डेअरीला दूध. त्यामुळं लग्नकार्य असो नाहीतर पंढरपूर, घरातलं कुणीतरी एक मागं राहणारच.

मी केंदूरचा, तालुका शिरूर. संत कान्हुराज पाठकांचं गाव म्हणून वारकरी मंडळी आम्हाला ओळखतात. बाकीच्यांना पाबळजवळ असं सांगावं लागतं. गावाशेजारून वेळ नदी वाहते, म्हणजे तिला वेळ मिळाला की वाहते! आमच्या शेतापर्यंत पाट काही पोहोचत नाही. आवर्तन सुटलं का, किती दिवस चाललं, कुणाला मिळालं, हे विषय मात्र चहाबरोबर रोज असतात. त्यामुळं कालवा म्हणजे भांडणाची जागा हेच लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

तर मित्रांनो, या वर्षी इरिगेशनच्या सेमिनारला मला विषय मिळाला ‘अनिकट’. अनिकट हा मूळ तमिळ शब्द. नदीच्या पात्रात आडवा घातलेला बुटका दगडी बांध. तो पाणी साठवत नाही, फक्त पातळी थोडी उचलतो आणि पाणी काठावरच्या कालव्यात वळवतो. पूर आला की त्याच्या डोक्यावरून निघून जातो. हे शोधताना पानोपानी एकच नाव यायला लागलं, सर आर्थर कॉटन. आणि त्यांच्या कालव्यांत चक्क बोटी चालायच्या! घरी जेवताना मी हे सांगितलं तर वडिलांचा घास हातातच राहिला. पाटात बोट? आमच्याकडं पाटात म्हैस बसली तरी पाणी अडतं. मी म्हटलं, खरंच, दाखवतो चला. बोलून गेलो खरा, आणि तिथून आमच्या घराण्याच्या पहिल्या बोटसहलीची आखणी सुरू झाली. पण त्याआधी साहेबांची ओळख करून देतो.

आर्थर कॉटन यांचा जन्म 15 मे 1803 चा, इंग्लंडमधला. घरात अकरा भाऊ. पंधराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी शाळेत दाखल झाले आणि 1821 मध्ये मद्रासला आले. म्हणजे अठराव्या वर्षी, आपण जेमतेम फर्स्ट इयरला येतो त्या वयात! पहिल्या ब्रह्मी युद्धातही ते होते. पण त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं 1828 च्या सुमारास, कावेरीच्या पाण्याचं काम हाती आलं तेव्हा.

कावेरीची अडचण मोठी मजेशीर होती. श्रीरंगमच्या वर नदीला दोन फाटे फुटतात, कावेरी आणि कोल्लिडम. कोल्लिडमचं पात्र खोल आणि उताराचं, त्यामुळं पाणी तिकडंच पळायचं. कावेरीत गाळ साचत चालला होता आणि तंजावरची भातशेती सुकत होती. खालच्या अंगाला चोळ राजा करिकालाच्या नावानं ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन बांध मात्र मोकळ्या वाळूवर शतकानुशतकं उभा होता. खडक लागेपर्यंत खणल्याशिवाय पाया नाही, हे आपल्याला शिकवतात. कॉटन यांनी त्या जुन्या बांधाचा पाया अभ्यासला आणि वाळूवरही बांधता येतं हे शिकून घेतलं. 1836 मध्ये कोल्लिडमवर वरचा अनिकट झाला, पाठोपाठ खालचा झाला आणि तंजावरला पुन्हा पाणी मिळालं. एका साहेबानं इथल्या जुन्या गवंड्यांकडून शिकावं, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते.

या धावपळीत त्यांची तब्येत बऱ्याचदा ढासळली, रजेवर जावं लागलं. 1841 मध्ये लग्न झालं. पुढं त्यांच्याच मुलीनं, लेडी होप यांनी, 1900 साली त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

आता गोदावरी. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली ही नदी समुद्राआधी धवळेश्वरम या गावापाशी फाटते आणि तिथून त्रिभुज प्रदेश सुरू होतो. इतकी मोठी नदी दारात असूनही 1830 च्या दशकात तिथं दुष्काळानं माणसं मेली आणि 1839 मध्ये समुद्री वादळानं उरलंसुरलं नेलं. पाणी समोरून वाहत होतं, पण शेतं पात्रापेक्षा वर होती. आमच्याकडच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही.

कॉटन यांनी इथं अनिकटाची योजना मांडली. कंपनी सरकारला माणसांपेक्षा महसुलाचा आकडा लवकर समजायचा, म्हणून खर्चाच्या मानानं उत्पन्न किती वाढेल याचा हिशेब त्यांना पटवून द्यावा लागला. 1847 मध्ये काम सुरू झालं आणि 1852 मध्ये पुरं झालं. पात्रातल्या बेटांचा उपयोग करून चार तुकड्यांत बांध घातला, नुसतं दगडकाम साडेतीन किलोमीटरच्या वर! वीणम वीरण्णा या तेलुगू सहकाऱ्यानं या कामात मोलाची साथ दिली. दगड जवळच्या टेकडीतून आणायला कॉटन यांनी छोटा लोहमार्ग टाकला. त्याआधी 1837 च्या सुमारास मद्रासजवळ रेड हिल्सचा दगड वाहायलाही त्यांनी असाच लोहमार्ग केला होता. म्हणजे मुंबई-ठाणे गाडीच्या (1853) किती आधी! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता बोटींचं. कालवा उतारानं वाहतो, मग बोट चढावर कशी जाणार? त्यासाठी असतो लॉक. कालव्यात दोन दारांच्या मध्ये एक हौद. बोट खालच्या दारातून आत घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी हळूहळू हौदात सोडायचं. पाण्याबरोबर बोट वर चढते, मग वरचं दार उघडायचं. ना पंप, ना इंजिन. आणि साध्या रस्त्यावर एक घोडा जेमतेम टन-दोन टन ओढतो, तोच काठावरून चालत कालव्यातली तीस टनांची बोट ओढू शकतो. गोदावरीच्या मुख्य कालव्यांना कॉटन यांनी असे लॉक दिले. एकच कालवा शेताला पाणी देणार आणि पिकलेला माल बंदरापर्यंत नेणार.

यश मिळालं की माणसाचं स्वप्न मोठं होतं. कॉटन यांना सगळ्या देशात बोटींच्या कालव्यांचं जाळं हवं होतं. रेल्वेवर ओतलेला पैसा त्यांना वाया गेल्यासारखा वाटायचा. रेल्वे धान्य हलवते, पिकवत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. देशात लोहमार्ग आधी टाकणारा माणूसच रेल्वेचा सर्वांत मोठा टीकाकार झाला!

या स्वप्नाचं एक टोक आपल्या महाराष्ट्रातही आलं होतं. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस गोदावरीतून बोटीनं समुद्रापर्यंत न्यायचा, अशी योजना होती. नावातच कॉटन असलेल्या माणसाला हे सुचणारच! पण वाटेत तीन ठिकाणी खडकाळ उतार. दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देवलमरीपाशी. तिथं बांध, कालवे, लॉक करायचं ठरलं आणि कामंही सुरू झाली. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि 1871 मध्ये नदीचं काम सोडून देण्यात आलं. वर्ध्याचा कापूस गाडीनं मुंबईला गेला. बोट काही आली नाही.

दुसरा फटका कर्नूल-कडप्पा कालव्याचा. खाजगी कंपनीनं 1871 पर्यंत तो पुरा केला, पण तिथली जमीन काळी. बऱ्या पावसात ज्वारी तशीच यायची, मग शेतकरी पाणपट्टी कशाला भरेल? कंपनी तोट्यात गेली आणि 1882 मध्ये सरकारनं कालवा विकत घेतला. कॉटन चुकले ते इथं, असं मला वाटतं. नदी बदलली, माती बदलली की गणितही बदलतं. शिवाय बोटीला संथ आणि बारमाही खोल पाणी लागतं, तर सिंचनाच्या कालव्याला उतार, वेग आणि मधूनमधून बंदी. एकाच कालव्यावर दोन्ही संसार नांदवणं अवघड.

पण ते पूर्ण चुकले असं म्हणावं, तर 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ समोर येतो. आपला दख्खन आणि सगळा मद्रास इलाखा होरपळला, लाखो माणसं गेली. रेल्वे होती, पण लोकांच्या हातात धान्य घ्यायला पैसा नव्हता. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश मात्र तगला, वर बाहेर धान्य पाठवू शकला. 1878 मध्ये पंचाहत्तरीतले कॉटन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढं आपली बाजू मांडायला उभे राहिले. समितीचा कौल त्यांच्या बाजूनं गेला नाही. म्हातारपणी इंग्लंडमध्ये ते खोल मशागत करून गव्हाचे प्रयोग करत राहिले. 24 जुलै 1899 रोजी, वयाच्या शहाण्णवव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या जुन्या अनिकटाची जागा 1982 पर्यंत नव्या बॅरेजनं घेतली. त्यालाही त्यांचंच नाव आहे. सुमारे 10 लाख एकर तिथं भिजतं. तिकडचे शेतकरी 15 मे ला त्यांच्या पुतळ्याला हार घालतात. मालवाहू बोटी मात्र कालव्यांतून हळूहळू गेल्या. बोट हरली, पाणी जिंकलं.

आता आमची आखणी. मला वाटलं, 15 मे गाठावा, सुट्टीही असते. पण शोधल्यावर कळलं की उन्हाळ्यात पीक निघालं की तिकडचे कालवे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. वडील म्हणाले, कोरडा पाट बघायला एवढ्या लांब कशाला, आपलाच बघू की. म्हणून डिसेंबर ठरला, माझी परीक्षा संपल्यावर. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस थेट राजमहेंद्रीला जाते. रेल्वेच्या टीकाकाराचे कालवे बघायला रेल्वेनंच जायचं! तिथून धवळेश्वरमचं बॅरेज, कॉटन संग्रहालय, आणि मग गोदावरीच्या फाट्यावर एक रात्र हाउसबोटीत. त्या गावाचं नाव आहे दिंडी. आज्जीनं नाव ऐकलं मात्र, टाळ कुठं ठेवलेत ते शोधायला लागली. ही ती दिंडी नव्हे, हे अजून तिला कुणी सांगितलेलं नाही.

धारांचा प्रश्न चुलत्यांनी सोडवला, चार दिवस तेच काढणार. गायी त्यांना लाथा मारतात हा भाग वेगळा.

वडिलांची अट एकच आहे. बोटीत बसलो नाही तरी चालेल, पण कालव्याच्या टेलला जायचं. पार शेवटच्या शेतापर्यंत. तिथं पाणी पोहोचतं का, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. मी पानंच्या पानं वाचून सेमिनार केला, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तिकिटं काढलीत. पाच कन्फर्म, एक वेटिंग. वेटिंगचं अर्थातच माझं.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)