शंकरराव चव्हाण
शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै १९२० – २६ फेब्रुवारी २००४) हे महाराष्ट्राचे दोन वेळा मुख्यमंत्री झालेले काँग्रेसचे नेते होते. त्यांचा जन्म पैठण येथे झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला. १९५२ च्या विधानसभा निवडणुकीत ते पराभूत झाले; मात्र १९५६ मध्ये नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९५७ मध्ये ते विधानसभेवर निवडून गेले. पाटबंधारे मंत्री या नात्याने त्यांनी अवर्षणग्रस्त मराठवाड्यासाठी जायकवाडी प्रकल्पाचा पाठपुरावा केला. ते मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये, पैठणच्या या धरणाचे उद्घाटन झाले. कडक शिस्तीमुळे ते ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जात. १९९१ ते १९९६ या काळात ते केंद्रीय गृहमंत्री होते. नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्पाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.